शालिनीकाकूंचं अकरावं प्रकरण

शालिनीकाकू, अन्याय तुमच्यावर झाला आहे आणि त्याची वेळ मी लिहून ठेवली आहे. तुमच्या तेरवीचा दुसरा दिवस, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. जागा तुमचीच पुढची खोली. खुर्च्यांवर चौघे बसले होते: तुमच्या नावाने निघालेल्या गौरव समितीचे अध्यक्ष, त्यांचे दोन सदस्य आणि तुमचा मुलगा अजय. मला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून मी दाराशी उभी होते. अध्यक्षांनी तेरवीचा लाडू तोंडात टाकला, सावकाश चावून संपवला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "मग ठरलं. 'ऐकघर'ची नवी आवृत्ती दहा प्रकरणांची. रविवारी प्रकाशन, त्यानंतर शाळाशाळांत वाटप."

तुमच्या कादंबरीला अकरा प्रकरणं आहेत. मी दारातून म्हटलं, "अकरावं कुठं गेलं?" तेव्हा चौघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते पर्समध्ये घालून आणलं होतं.

तुम्हाला पुस्तक पाठ आहे. पण हे बोलणं छापून जाणार आहे, आणि वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते उघडूनही पाहिलेलं नाही. रविवारी टाळ्या वाजवायला मात्र ते पहिल्या रांगेत असतील. म्हणून त्यांच्यापुरतं सांगते.

एक शहर आहे, पुढच्या कधीतरीच्या काळातलं. सरकारने तिथे वॉर्डावॉर्डात ऐकघरं बांधली आहेत. पांढरी खोली, एक स्टूल, भिंतीत जाळी. ज्याला दुःख आहे त्याने आत जावं, कडी लावावी, जाळीशी बोलावं. पलीकडून यंत्र म्हणतं, "हं." मग म्हणतं, "मग?" आणि शेवटी, "काळजी करू नका." बास. नवरा मारतो, मजुरी बुडाली, विहिरीवर आम्हाला वेगळी बादली आहे, पोराला वर्गात मागे बसवतात, सगळं लोक त्या जाळीला सांगतात आणि हलके होऊन घरी जातात. मारणारा मारतच राहतो, बादली वेगळीच राहते, पण शहर शांत होतं. मोर्चा नाही, नळावर भांडण नाही. शेजारीण शेजारणीशी बोलत नाही, कारण बोलायचं ते सगळं जाळीत टाकून झालेलं असतं. यमुना नावाची बाई ऐकघर झाडायला जाते. दहाव्या प्रकरणात ती भिंतीमागच्या खोलीचं दार उघडते. तिथे यंत्र नाहीच. एक खुर्ची आहे, आवाज बदलणारा एक भोंगा आहे, आणि शहरातलेच लोक तिथे तासातासाच्या पाळीने येऊन बसतात. ऐकलेलं बाहेर सांगणार नाही अशी प्रत्येकाने शपथ घेतली आहे. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. म्हणजे त्या शहरात सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलेलं आहे, आणि सगळे गप्प आहेत.

समितीची आवृत्ती इथे संपणार. यमुना ती खोली बघते, दार लावून घेते, समाप्त. वाचक म्हणणार, बापरे, काय भयंकर शेवट! आणि चहाला उठणार.

अकराव्यात तुम्ही त्याला उठू देत नाही. त्यात कळतं की ती खोली यमुनेला नवी नव्हती, त्या खुर्चीवर तिनेही पाळी केलेली आहे. ती शपथ मोडते आणि दारोदार जाते. प्रत्येक दारात एवढंच म्हणते, "मी तुझं ऐकलं होतं. मी गप्प बसली." कुठे शिव्या मिळतात, कुठे चप्पल, एका घरी तांब्याभर पाणी. सहा दारं होतात. सातवं दार उघडतच नाही. यमुना त्या बंद दाराशी बोलत राहते, आणि पुस्तक तिथे थांबतं.

अध्यक्ष म्हणाले, "ते प्रकरण जरा भाषणबाजीचं आहे, आणि शाळेतल्या मुलांना जड जाईल."

आठवीच्या पोरांना भयंकर शेवट झेपतो आणि माफी मागणारी बाई झेपत नाही? मला तिथेच संशय आला. संशय हा माझा स्वभाव आहे, तुम्ही म्हणायच्या. जेवायला वाढलं तरी ताटाखाली काय लपवलं ते बघते, असं म्हणायच्या.

आपली ओळखही संशयानेच झाली. लोहाऱ्याच्या एका कारखान्यात बायकांच्या संडासाला कडी नव्हती. त्यांनी तक्रारीच्या नंबरावर तक्रार केली, दरवेळी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे', आणि कडी काही आली नाही. त्याचं पत्रक घेऊन मी तुमच्या गल्लीत फिरत होते. तुम्ही दारात उभं राहून ते अख्खं वाचलंत. लोक सहसा घडी करतात. मला वाटलं, म्हातारी कोणाची तरी माणूस असावी, पत्रक जपून ठेवून कोणाला तरी दाखवणार. तुम्ही आत गेलात आणि लाल पेन्सिल घेऊन आलात.

"ह्यात पाच वेळा 'तीव्र निषेध' आहे. बाईचं नाव एकदाही नाही. अन्याय कोणावर झाला?"

"कामगार महिलांवर."

"कोणत्या? केव्हा?"

"काकू, तुम्ही सही करता का नाही करत ते सांगा."

"आधी बस. पाणी पी. भल्ली तापून आहेस." मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणालात, "पहिल्याच ओळीत सांगायचं, कोणावर झाला आणि कधी झाला. मग निषेध नाही लिहिला तरी चालते. वाचणाऱ्यालेच राग येते."

जाताना तुम्ही मला 'ऐकघर' दिलंत. जुनी आवृत्ती, कोपरे कुरतडलेली. "ह्यात तुझा तो मेसेज आहे," म्हणालात. मी घाटंजीच्या एसटीत वाचायला घेतलं, घरी पोचून संपवलं आणि दुसऱ्या दिवशी परत यवतमाळला आले, भांडायला.

"अकरावं प्रकरण कच्चं आहे," मी म्हटलं.

"अस्सं?"

"ती दारोदार माफी मागत फिरते. त्यानं काय होते? तिनं ते ऐकघर पेटवायले पाहिजे होतं."

"पेटवलं असतं तर दुसऱ्या दिवशी टेंडर निघालं असतं," तुम्ही म्हणालात. "नवीन बांधलं असतं, टाइल्स लावून."

मी हसले नाही. हसले असते तर हरले असते. पण त्या दिवसापासून मी तुमच्याकडे यायला लागले, आणि आपलं भांडण दीड वर्ष चाललं. मी म्हणायचे, संघटना पाहिजे. तुम्ही म्हणायच्या, संघटनेतल्या बायका एकमेकींच्या घरी गेल्या आहेत काय कधी? मी म्हणायचे, ते सातवं दार काहून उघडत नाही? आत कोण आहे ते तरी सांगा, वाचकाला लटकवून ठेवता. तुम्ही विषय बदलायच्या. भाजी निवडायला घ्यायच्या. एवढ्या बोलक्या बाईने एकाच प्रश्नाला मेथी काढावी, हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

माझ्यासारख्या पोरीला तुम्ही लिहायला शिकवलंत हे मी कबूल करते. तुमच्या पेन्सिलीनंतरच्या पत्रकात मी त्या कारखान्यातल्या एका बाईचं नाव तिला विचारून घातलं, वेळ घातली, आणि आठवड्यात कडी लागली. तुम्हाला सांगायला आले तर म्हणालात, "आतून लागते काय बाहेरून, ते पाहिलं ना?" मी पाहिलं नव्हतं. परत गेले. आतूनच होती.

मग घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी मी एक उद्योग केला. बाजार उठायच्या वेळी, मजुरीच्या बायका गाड्यांची वाट पाहत बसलेल्या असतात, तिथे मी अकरावं प्रकरण मोठ्याने वाचलं. मला वाटलं, दहा मिनिटांत पांगतील. कोणी हललं नाही. यमुना तिसऱ्या दाराशी पोचली तशी एक म्हातारी म्हणाली, "हे तं आमच्याच गल्लीतलं आहे वं!" दुसरी म्हणाली, "तुह्या काय, माह्या घरातलं आहे." आणि मग त्या माझ्याशी नाही, एकमेकींशी बोलायला लागल्या. गाडीवाला हॉर्न वाजवून थकला.

मी धावत येऊन तुम्हाला हे सांगितलं. म्हटलं, काकू, मी हरले, प्रकरण कच्चं नाही. तुम्ही खूश झालात, चहा टाकलात. मग भांड्याकडे पाहत विचारलंत, "केळापूरकडच्या कोणी होत्या काय त्यात?"

"काहून?"

"असंच."

असंच म्हणून कोणी केळापूर विचारत नाही. मी सोडलं नाही. त्या दिवशी मेथीही नव्हती घरात.

तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात हे सगळ्यांना माहीत आहे, समितीच्या पत्रिकेतही ते छापलं आहे. त्या वेळी परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल लावावा लागायचा, तो तुमच्यासारख्या ऑपरेटर बाईच्या हातून जोडला जायचा, आणि बोलणं संपलं का हे तुम्हाला मधूनमधून कान लावून ऐकावं लागायचं. तीन मिनिटं झाली की सांगायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी नोकरीला लागतानाच सही दिलेली. ऐकघर तुम्हाला सुचलं कुठून हे पत्रिकेत नाही. तुम्ही तिथेच बसला होतात.

"तान्ह्या पोळ्याचा दिवस होता," तुम्ही म्हणालात. "केळापूरकडच्या एका गावातून कॉल आला, तिथल्या पोस्टातून. नवीन लग्न झालेली पोरगी असावी, आवाजावरून. बाप इकडे, यवतमाळात. ती म्हणे, बाबा, मले घ्यायले या. बाप म्हणे, आठवड्यावर महालक्ष्म्या आहेत, त्या उठल्या की येतो. ती म्हणे, तोवर मी राहीन का नाही, मले माहीत नाही. आणि मग बाप काहीच बोलेना. तीन मिनिटं होत आली होती. लाइनवर बाकीचे थांबून होते. मी विचारलं, बोलणं संपलं काय? कोणी हाव म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आमच्या कामात आवाज नाही म्हणजे बोलणं संपलं. मी कॉर्ड ओढून घेतली."

तुम्ही हात बघत होतात.

"आता वाटते, बाप रडत असेल. आणखी अर्धा मिनिट दिला असता तर म्हणाला असता तो, उद्याच येतो. मीच त्याले वेळ नाही दिला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. महालक्ष्म्या बसायच्या आधीच पेपरात दोन ओळी आल्या. विहिरीत पाय घसरला म्हणे. गाव तेच. कोणालेच नाही सांगतलं मी. पोलिसाले नाही, अजयच्या बाबाले नाही. सही दिली होती ना."

सातवं दार का उघडत नाही हे मला कळलं. आणि काकू, त्यानंतर मी जे केलं ते मी इथे लिहिते आहे, कारण तुम्ही लिहिलं असतं. मी तुमचा हात धरला नाही. मी वही काढली.

"गावाचं नाव काय? पोरीचं नाव? सासरचं आडनाव?"

"वही आत ठेव."

"तुम्हीच शिकवलं ना? कोणावर झाला, कधी झाला."

"तिची माय असेल अजून, पोरी."

"असू द्या ना. तिलेच तर कळलं पाहिजे."

"असू द्या म्हणते! जाशील काय तू तिच्या दारात माईक घेऊन?"

"तुम्ही चाळीस वर्षं काय केलं?" मी म्हटलं. "पुस्तक लिहिलं. दार उघडत नाही असं लिहून टाकलं. काकू, ते दार तुम्हीच लावून घेतलं आहे."

तुम्ही माझा कप उचललात. अर्धा चहा होता त्यात. "जाय आता," म्हणालात. आपल्यात झालेलं ते शेवटचं बोलणं. नंतर मी तीन आठवडे रुसून राहिले, आणि चौथ्या आठवड्यात अजयदादाचा फोन आला.

आता परत मंगळवार. मी दारातून म्हटलं, "लेखिकेचं छापलेलं प्रकरण तुम्ही कोणत्या अधिकाराने काढता?" मला वाटलं, चौघे गडबडतील. अध्यक्षांनी शांतपणे पाकीट उघडलं आणि कागद पुढे केला. तुमचं पत्र. एकच ओळ: 'अकरावे प्रकरण नव्या आवृत्तीत घेऊ नये.' खाली सही.

मी आधी सहीवर संशय घेतला. मग अक्षरावर. पण लाल पेन्सिलीने तुम्ही माझी इतकी पत्रकं रंगवली आहेत की तुमचा 'श' मी अंधारातही ओळखेन. अक्षर तुमचंच होतं. मग मी तारीख पाहिली, आणि वही काढून ताडून पाहिली. आपलं शेवटचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

अजयदादा म्हणाला, "तुम्ही गेल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. काय बोलल्या होत्या तुम्ही तिला?"

सगळ्यांना प्रश्न विचारत फिरणारी मी, एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकले नाही. अध्यक्षांना वाटलं, बोलणं संपलं. त्यांनी पत्र पाकिटात घातलं.

समितीवरचा माझा संशय गेलेला नाही. इतकी वर्षं छापील असलेलं प्रकरण लेखिका स्वतः काढायला सांगते, आणि चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाई, का? विचारलं नाही, कारण त्यांना तेच हवं होतं. निघताना अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "तुमच्याकडे जुनी प्रत आहे म्हणे. समितीकडे द्या, जपून ठेवू." मी म्हटलं, हरवली. ती हरवलेली नाही. कुठे आहे ते मी इथेही लिहिणार नाही.

पण आरंभी लिहिलेली ओळ मला पुन्हा वाचावी लागते. अन्याय मंगळवारी सव्वाअकराला झाला, हे खरं आहे. त्याच्या आधीचाही एक आहे, त्याच घरात झालेला, आणि तिथे चौघांपैकी कोणी नव्हतं. मीच होते. तुम्ही चाळीस वर्षांनी तोंड उघडलंत आणि समोर मी निघाले. "हं" म्हणणारी, "मग?" म्हणणारी, वही काढणारी. तुम्हाला वाटलं असेल, ही पोरगी त्या घरी जाणार, पत्रक काढणार, तिच्या म्हाताऱ्या आईच्या दारावर चिकटवणार. तुमचा संशय अगदी बरोबर होता. मी काढलंच असतं.

तुम्ही गेल्यावर मी केळापूरच्या रस्त्याने दोनदा गेले. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. पहिल्यांदा फाट्यावरून परत आले. दुसऱ्यांदा एका गावात शिरले, एका म्हातारीने ओट्यावरून विचारलं, "कोणाकडं आली बाई?" आणि मला सांगता येईना. बाजारात माईकवर तासभर बोलू शकते मी. एका बाईच्या ओट्यासमोर उभं राहून एक वाक्य बोलता आलं नाही. यमुनेचं काम पेटवण्यापेक्षा सोपं आहे असं मी दीड वर्ष तुम्हाला ऐकवत होते. माफ करा.

तरीही काकू, मी तुमचं ऐकणार नाही. तुमचं पत्र मी मोडणार आहे.

दहा प्रकरणं तुमची. शहर तुमचं, जाळी तुमची, कल्पना तुमची. काढा, फाडा, मी हूं की चूं करणार नाही. अकरावं तुमच्या एकटीचं नाही. सातव्या दारामागे जी आहे तिच्यासाठी या अख्ख्या जिल्ह्यात दुसरं काही उभं नाही, ना दगड, ना नाव. पेपराच्या दोन ओळी आणि तुमची ती चार पानं. तिचं बोलणं एकदा मध्येच तुटलं. आता ती चार पानं काढली की दुसऱ्यांदा तुटणार, आणि या वेळी वर तुमची सही. हे मी होऊ देणार नाही. तिचं नाव मी शोधणार नाही, हा शब्द देते. तुम्हाला तेवढंच हवं होतं असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर रागवा. तुमचा राग मला चालेल. तुम्ही कप उचलून आत गेलात ते चालत नाही अजून.

मी ते प्रकरण पत्रक म्हणून छापू शकते, एका दिवसाचं काम आहे. पण पत्रकाचं काय होतं ते मला माहीत आहे. संध्याकाळी त्यात फुटाणे बांधतात. ते पुस्तकातच पाहिजे, दहाव्याच्या मागे, शाळेतल्या पोरीच्या हातात. आज ना उद्या त्यातली एखादी पोरगी कुठल्या तरी गावातून घरी फोन लावेल, आणि तिच्या बापाने तरी ते वाचलेलं असावं.

म्हणून आता तुम्ही ऐका, हे वाचणारे. रविवारी या. प्रवेश मोफत आहे, नाश्ताही आहे. पुस्तक हातात पडलं की हार-तुऱ्यांकडे पाहू नका, शेवटचं पान उघडा. यमुना दार लावून घेते तिथेच ते संपत असेल, तर जागेवर उभे राहा आणि अध्यक्षांना विचारा की पुढे ती कोणाकोणाच्या दारी गेली. ते लेखिकेची इच्छा म्हणतील, मुलांना जड जाईल म्हणतील, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणतील. राहिलेली पानं छापून जोडल्याशिवाय एकही प्रत शाळेत जाणार नाही, हे त्यांच्या तोंडून माईकवर ऐकेपर्यंत खाली बसू नका.